जुन्या ओम्नीच्या चाकांत हवा किती मारायची?

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, साताऱ्याच्या अलीकडे, भर दुपारी आमच्या ओम्नीचं मागचं डावं चाक फुटलं. गाडीत एका लग्नाच्या जेवणाची भांडी, दोन शेगड्या, तांदळाची पोती आणि पाण्याचे जार होते. मी चालवत होते, नवरा शेजारी बसला होता. आवाज झाला तशी गाडी मागून डावीकडे ओढली गेली. ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. कुणाला खरचटलंही नाही, पण पुढचा अर्धा तास माझे हात थरथरत होते.

जवळच्या पंक्चरवाल्या अण्णांनी टायर डिस्कवरून, म्हणजे चाकाच्या रिमवरून, सोडवला आणि उलटा करून जमिनीवर आपटला. आतून मूठभर काळा भुगा पडला. ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखा दिसत होता, बोटांत धरला तर रबराचे बारीक कण लागत होते. अण्णा म्हणाले, "ताई, हा खिळ्याने फुटलेला नाही. कमी हवेवर पळून पळून आतून भाजलाय." मी म्हटलं, सकाळीच चारही चाकांत तीस मारली होती. त्यांनी गाडीत भरलेल्या सामानाकडे नुसती मान वळवून पाहिलं.

ते "सगळीकडे तीस" मला कुणी शिकवलं होतं, आठवत नाही. रोजच्या डब्यांच्या फेऱ्यांना ते चाललं होतं, म्हणून ते बरोबर असणार असं मी धरून चालले. पुढे गाडीचं वजन करून घेतलं आणि हिशेब मांडला तेव्हा कळलं की रोजच्या ओझ्याला तीस जवळजवळ बरोबर होती आणि त्या दिवशीच्या ओझ्याला मागे चौदा पाउंड कमी होती. जुनी व्हॅन पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी हे चाक फुटायच्या आधी करावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं ओम्नीची आहेत, पण इको किंवा इतर कुठल्याही छोट्या व्हॅनला रीत हीच. (हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. त्यालाच आमच्याकडे सगळे पाउंड म्हणतात, मीही तेच लिहिते.)

आधी एवढं जमवा

- आरसी. तिच्यावर गाडीचं रिकामं वजन आणि आसनसंख्या असते. एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची नोंदही तिच्यावर हवी.
- ओनर्स मॅन्युअल. जुन्या गाडीसोबत सहसा मिळत नाही. आधीच्या मालकाकडे मागा, रद्दीतून निघतं कधीकधी.
- स्वतःचा हवेचा मापक, म्हणजे गेज. घड्याळासारखा काट्याचा किंवा डिजिटल, काही शे रुपयांत येतो. पेनासारखा सरकत्या पट्टीचा स्वस्त असतो, पण त्याच्यावर दोन-तीन पाउंडांचा फरक नजरेला कळत नाही.
- पायाने मारायचा पंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. नसला तरी चालेल, पण असला तर पायरी ५ फार सोपी होते.
- पांढरा खडू, वही, पेन, साबणाचं पाणी, जुना टूथब्रश.

१. आधी टायर वाचा

मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी जुनीच, आणि इतक्या वर्षांत तिला कोणी कुठले टायर चढवले असतील ते फक्त टायरच सांगू शकतो. तेव्हा टूथब्रश घ्या, टायरची बाजू साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ करा आणि चारही चाकं अन् स्टेपनी, प्रत्येकावरचं वहीत उतरवा. एक बघून बाकीचे तसेच असतील असं समजू नका. माझ्या गाडीला पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर निघाले होते.

काय उतरवायचं?

माप: उदाहरणार्थ १४५ आर १२ एलटी. यातलं 'एलटी' महत्त्वाचं. लाइट ट्रक, म्हणजे ओझं वाहणाऱ्या गाडीचा टायर. त्याच्याच शेजारी ६ पीआर किंवा ८ पीआर असं प्लाय रेटिंग असतं. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त हवा आणि जास्त ओझं पेलतो.

लोड इंडेक्स: मापानंतर येणारा दोन आकडी अंक. हे किलो नव्हेत, कोड आहे. ७४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३७५ किलो, ७५ म्हणजे ३८७, ८० म्हणजे ४५० आणि ८६ म्हणजे ५३० किलो. ८०/७८ असे दोन अंक असतील तर पहिला आपला, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी.

कमाल ओझं आणि कमाल हवा: बारीक अक्षरांत 'मॅक्स लोड' आणि 'मॅक्स प्रेशर' असं लिहिलेलं असतं. माझ्या टायरवर ४५० किलो आणि ३७५ केपीए, म्हणजे ५४ पाउंड. हा आकडा भरायचा नसतो. तो टायरची सीमा सांगतो, तुमच्या गाडीची गरज सांगत नाही. मी पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात नेहमीची: लोक टायरवरचा आकडा वाचतात आणि पंपावर तेवढीच मागतात. रिकाम्या ओम्नीत पुढे ५४ मारून पावसात ब्रेक लावलात तर चाकं नुसती घसरत जातील.

वय: 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. माझा फुटलेला टायर सात वर्षांचा होता. त्याचे खाचे अजून खोल होते, म्हणूनच मी त्याच्यावर विसंबले होते. टायरच्या बाजूला नखाएवढ्या बारीक भेगांचं जाळं दिसलं तर हवेचा हिशेब नंतर, आधी टायर बदला.

खाचे: खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं. चारचाकीला नियमाने तेवढं लागतंच. गोटा झालेल्या टायरला कुठलीच हवा बरोबर नसते.

इथला एक सापळा वेगळा सांगते. टायर बदलताना दुकानदार कधीकधी एलटीऐवजी त्याच मापाचा साधा कारचा टायर सुचवतात, कारण तो स्वस्त पडतो आणि बसायलाही मऊ लागतो. १४५/८० आर १२ चा लोड इंडेक्स ७४ असेल तर एका चाकामागे ४५० चे ३७५ किलो झाले. मागच्या दोन चाकांत मिळून दीडशे किलो गेले. शिवाय त्या टायरचा हवेचा हिशेबही बदलतो, म्हणजे मॅन्युअलमधला जुना आकडा त्याला लागू राहत नाही. ओझं वाहायचं असेल तर एलटीच घ्या, आणि एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या जोडीला किंवा मागच्या जोडीला, दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच प्लायचे ठेवा.

२. गाडीचा स्वतःचा आकडा शोधा

चालकाच्या दाराच्या चौकटीवर, दाराच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत हवेचा तक्ता असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळा, बहुतेकदा कमी माणसं आणि पूर्ण ओझं असे दोन रकाने. कंपनीने दिलेल्या मापाचेच टायर असतील तर हा तक्ता तुमचा पाया. पुढच्या हिशेबातून काहीही निघो, या तक्त्यातल्या आकड्याच्या खाली जायचं नाही.

जुन्या गाडीत ही पट्टी पुन्हा रंगवताना झाकली गेलेली किंवा उन्हाने उडालेली असते. मग मॅन्युअल. तेही नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा. ओळखीच्या ओम्नीवाल्याला विचारू नका. त्याचे टायर वेगळे, त्याचं ओझं वेगळं.

३. भुईकाट्यावर जा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा झाला, आणि हीच पायरी कुणी करत नाही.

ओम्नीची रचना ध्यानात घ्या. इंजिन पुढच्या सीटखाली, चालक आणि शेजारचा माणूस जवळजवळ पुढच्या चाकांच्या डोक्यावर, आणि सामानाची सगळी जागा मागे, मागच्या पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर). म्हणजे पुढच्या चाकांवरचं ओझं दिवसभर जवळपास तेवढंच राहतं. मागचं मात्र रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत दुपटीहून जास्त बदलतं. गाडी खाली बसलेली बघून हे कळत नाही. जुने पाटे थकलेले असले की रिकामी गाडीही बसलेली दिसते, आणि कोणी जादा पाटा घालून घेतलेला असला की भरलेली गाडीही ताठ उभी राहते.

ऊस, भंगार, वाळू, धान्य, यांपैकी कशाचाही व्यवहार जिथे होतो तिथे भुईकाटा असतोच. हंगामात साखर कारखान्याच्या बाजूला ट्रॅक्टरांची रांग असते, तिकडे दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर काट्यावरचा माणूस दोन मिनिटं निवांत देतो. त्याला आधीच सांगा की तीन वजनं हवी आहेत:

पहिलं, फक्त पुढची दोन चाकं काट्यावर, मागची बाहेर जमिनीवर.
दुसरं, पूर्ण गाडी काट्यावर.
तिसरं, फक्त मागची दोन चाकं काट्यावर.

पहिलं आणि तिसरं मिळून दुसऱ्याच्या आसपास यायला हवं. पाच-दहा किलो इकडेतिकडे चालतात, कारण हे काटे ट्रकसाठी असतात. पन्नासचा फरक आला तर गाडी उतारावर उभी होती किंवा एखादं चाक काट्याच्या फटीवर होतं, पुन्हा करा. माणसं गाडीतच बसलेली हवीत, टाकी नेहमीसारखी भरलेली हवी, आणि सामान जसं तुम्ही खरोखर भरता तसंच भरलेलं हवं. रिकाम्या गाडीचं वजन घेऊन अंदाजाने सामान मिळवू नका. अंदाजात माणूस नेहमी कमीच धरतो. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे नुसतं पाणीच वीस किलो, आणि असे आठ जार आम्ही "पाण्याचं काय वजन" म्हणून कधी मोजलेच नव्हते.

मी तीन वेळा गेले. आकडे असे आले, आम्ही दोघं गाडीत बसलेले धरून:

रिकामी गाडी: पुढे ५६०, मागे ३३०.
रोजचे डबे भरून: पुढे ५७०, मागे ५५०.
लग्नाचं सामान भरून, त्या दिवसासारखंच: पुढे ५८०, मागे ७६०.

तिसरी पावती हातात आली तेव्हा मी काट्याच्या खोलीबाहेर उभी राहून ती दोनदा वाचली. पुढे वीस किलोंचा फरक, मागे चारशे तीसचा.

४. ओझ्यावरून हवा काढा

एक्सलचं वजन भागिले दोन म्हणजे एका चाकावरचं ओझं. ते टायरच्या कमाल ओझ्याच्या किती टक्के आहे ते बघा. टायरची क्षमता हवेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे राहते. रेडियल टायरसाठी वापरला जाणारा हिशेब सोपा करून दिला तर असा येतो:

ओझं कमालच्या ५० टक्के असेल तर हवा कमालच्या ४२ टक्के.
६० टक्के ओझ्याला ५३ टक्के हवा.
७० टक्क्यांना ६४.
८० टक्क्यांना ७६.
९० टक्क्यांना ८८.

माझ्या टायरची कमाल ४५० किलोंना ५४ पाउंड. पुढच्या चाकावर साधारण २८० किलो, म्हणजे ६२ टक्के, म्हणजे सुमारे ३० पाउंड. रोजच्या डब्यांना मागे २७५ किलो, ६१ टक्के, सुमारे २९ पाउंड. आणि लग्नाच्या सामानाला मागे ३८० किलो, ८४ टक्के, सुमारे ४४ पाउंड.

रोज पुढे-मागे जवळजवळ सारखंच ओझं होतं, म्हणून "सगळीकडे तीस" वर्षानुवर्षं खपून गेली. ज्या दिवशी मागे ४४ हवी होती त्या दिवशीही मी तीसच मारली. मेचं ऊन, ताशी सत्तर-ऐंशीचा वेग, सात वर्षांचं रबर आणि चौदा पाउंड कमी हवा. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबून पुन्हा उठत होती, त्यातून आत उष्णता साचत होती, आणि तो काळा भुगा त्याच उष्णतेचा होता.

हिशेबातून आलेल्या आकड्यात मी दोन-तीन पाउंड मिळवते. डावं-उजवं ओझं कधीच सारखं नसतं (आमच्या शेगड्या डाव्या बाजूला असायच्या, आणि फुटलं ते डावंच), आणि मापकही थोडा चुकतो.

आता उलटी बाजू. रिकाम्या गाडीचं मागचं चाक १६५ किलो वाहतं, त्याला हिशेब १५ पाउंड सांगतो. हा आकडा विसरून जा. इतक्या कमी हवेवर वळणावर टायर डिस्कवरून सरकू शकतो, आणि गाडीच्या तक्त्याखाली जायचं नाही हे आधीच ठरलं आहे. हिशेब फक्त वर कुठवर न्यायचं ते सांगण्यासाठी वापरा.

आणि ओझं ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर हवा वाढवून मार्ग काढू नका. टायर पेलेलही, पण पाटे, बेअरिंग आणि ब्रेक त्या वजनासाठी नाहीत. आम्ही आता लग्नाचं सामान दोन खेपांत नेतो.

५. मोजायची वेळ: सकाळी, गाडी हलवण्याआधी

तक्त्यातले, हिशेबातले सगळे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली आणि टायरवर ऊन न आलेलं. पाच-सात किलोमीटर चाललात तरी हवा तापून मापक वर चढतो.

यातूनच एक फसगत होते. लांबच्या प्रवासात चहाला थांबता, मापक लावता, सकाळी ३३ होती ती ३८ दिसते. घाबरून लोक पाच पाउंड सोडतात. गाडी थंड झाली की तीच २८-२९ वर येते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर निघता. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. कधीच.

घराजवळ पेट्रोलपंप असेल तर उत्तम. लांब असेल तर असं करा: घरीच थंड असताना मोजा, किती कमी आहे ते लिहा (समजा चार पाउंड), पंपावर पोचल्यावर तापलेला आकडा जो दिसेल त्यात ते चार मिळवून तेवढी भरा. दुसऱ्या सकाळी घरी पुन्हा मोजून पक्कं करा. घरचा पंप असेल तर ही यातायात वाचते.

६. पंपावर

पेट्रोलपंपावर हवा मोफत मिळायला हवी, तो तुमचा हक्क आहे. पेट्रोल भरलं नसलं तरी मागायला संकोचू नका. हवा मारणाऱ्या मुलाला पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगवेगळा सांगा, आणि स्वतः खाली उतरून उभे राहा. "पुढे बत्तीस, मागे छत्तीस" असं स्पष्ट म्हणा. नुसतं "हवा बघ रे" म्हटलंत की चारी चाकांत एकच आकडा येतो, त्यात त्याची चूक नाही.

एककं तपासा. काही जुन्या मापकांवर किलोचे आकडे असतात, काहींवर बार. १ किलो म्हणजे १४.२ पाउंड, १ बार म्हणजे १४.५ पाउंड, १०० केपीए म्हणजेही १४.५. तेव्हा २.२ किलो म्हणजे साधारण ३१ पाउंड.

पंपावरचा मापक आणि तुमचा मापक यांच्यात फरक येणारच. खरा कोणता यावर वाद घालत बसू नका. एकदा टायरच्या मोठ्या दुकानात आपला मापक त्यांच्या मापकाशी ताडून घ्या, किती पुढे-मागे आहे ते त्याच्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा आणि पुढे नेहमी आपलाच वापरा.

नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पण तो भरला म्हणून महिनोन्महिने मोजायचं सोडून दिलंत तर साध्या हवेपेक्षा महाग पडेल. गावाकडे गेल्यावर नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही.

७. आकडा बरोबर निघाला का, ते टायरला विचारा

खडूची परीक्षा: टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढा. नेहमीचं सामान भरून सपाट, कोरड्या रस्त्यावर सरळ शंभर-दीडशे मीटर जा आणि उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली असेल तर ठीक. मधोमध पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडांना पुसली आणि मधे राहिली तर कमी. एकदम पाच पाउंड बदलू नका, दोन-दोनने जा, आणि गाडीचा तक्ता अन् टायरची कमाल या दोन्ही कुंपणांच्या आतच राहा.

तापल्यावरची परीक्षा: सकाळी थंड असताना मोजा, तासभर नेहमीच्या वेगाने महामार्गावर चालवा, थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. चार ते सहा पाउंड वाढ साधारण ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे थंड असताना हवा कमी होती किंवा ओझं जास्त. उत्तर हवा सोडण्यात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी वाढवा किंवा सामान उतरवा. मापक नसेल तर निदान तळहात जवळ न्या. चारांपैकी एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर त्यात हवा कमी असू शकते किंवा ब्रेक धरून राहत असेल.

झीज: ही परीक्षा महिन्यांनी निकाल देते, पण खोटं बोलत नाही. मधला पट्टा घासला तर जास्त हवा, दोन्ही कडा घासल्या तर कमी. एकच कड घासली असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्या. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हाच हे वाचून घ्या. आधीच्या मालकाने गाडीवर किती आणि कसं ओझं वाहिलं ते मागच्या दोन टायरांवर लिहिलेलं असतं.

८. ऋतू आणि घाट

तापमान दहा अंशांनी उतरलं की तिशी-पस्तिशीतल्या टायरमध्ये साधारण दीड पाउंड कमी होतात. मेमध्ये बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी दोनेक पाउंड कमी दाखवते, गळती नसतानाही. दिवाळीनंतर पहिली थंडी पडली की एकदा आणि होळीनंतर एकदा आकडा नव्याने लावून घ्या.

कोकणातून महाबळेश्वरला चढलात, म्हणजे सुमारे १,३५० मीटर, तर बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे मापक साधारण दोन पाउंड जास्त दाखवतो. वरच्या थंडीने त्यातलं बरंचसं परत उतरतं. त्यासाठी हात लावायची गरज नाही.

पावसाळ्यात "पकड यावी म्हणून" हवा कमी करण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका. साचलेलं पाणी बाहेर ढकलायला टायरच्या खाचा उघड्या राहाव्या लागतात आणि हवा कमी असली की त्या मिटतात. जास्तही नको, रिकाम्या ओम्नीचा मागचा भाग हलका असतो, ओल्या उतारावर ब्रेक मारल्यावर तो आधी सुटतो.

९. गळती, ट्यूब आणि स्टेपनी

चांगल्या टायरमधूनही महिन्याला पाउंड-दोन पाउंड उतरतात. आठवड्याला दोन उतरत असतील तर शोधा. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर आतली पिन बदलायची, अगदी स्वस्तातलं काम. ट्यूबलेस टायर जुन्या, गंजलेल्या डिस्कवर बसवलेला असेल तर डिस्क आणि टायर जिथे टेकतात तिथूनही हवा जाते. डिस्क तारेच्या ब्रशने घासून, रंगवून घेतली की थांबतं. तेवढ्यासाठी ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालायचा सल्ला मिळेल, पण मी तो मानत नाही. ट्यूब आणि टायर आत एकमेकांवर घासून आणखी तापतात, आणि पंक्चर झालं की हवा हळूहळू न जाता एकदम जाते. व्हॉल्व्हला टोपण मात्र हवंच, नाहीतर माती जाऊन पिन अडकते.

स्टेपनीत मागच्या चाकाची, तीही भरलेल्या गाडीची, हवा भरून ठेवा. तिला पुढे लावायची वेळ आली तर जागेवर सोडता येते. कमी असेल तर अंधारात वाढवता येत नाही. आमच्या स्टेपनीत त्या दिवशी अठरा निघाली. चाक बदलल्यानंतर अण्णांच्या कॉम्प्रेसरमुळे पुढे जाता आलं.

आणि हे सगळे आकडे डोक्यात ठेवू नका. चालकाच्या दाराच्या आत, जिथे कंपनीची पट्टी उडाली होती तिथे मी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घेतलंय: पुढे नेहमी ३२. मागे डबे ३२. मागे भरगच्च ४६. स्टेपनी ४६. खाली टायरचं माप आणि लोड इंडेक्स, म्हणजे पुढच्या वेळी टायर बदलले की हे आकडे खोडून पायरी १ पासून पुन्हा करायचं ते गाडी चालवणाऱ्या कुणालाही कळेल. गेल्या महिन्यात भाच्याने गाडी नेली, पंपावरून फोन केला, "मावशी, मागे शेहेचाळीस म्हणजे जास्त नाही का?" मी विचारलं, मागे काय भरलंयस? तो म्हणाला, दोन खुर्च्या. मग बत्तीस मार म्हटलं, आणि भरगच्चची ओळ कशासाठी आहे ते त्याला घरी आल्यावर भुईकाट्याच्या तिन्ही पावत्या समोर ठेवून दाखवलं.